‘आरती’ ह्या शब्दाची कुळकथा

जे शब्द बालपणापासून आपल्या जिभेवर वस्तीला असतात त्यांची विचारपूस करण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. ‘आरती’ हा अशा शब्दांपैकीच एक होय. ज्या मराठी माणसाने कवितेचे एकही पुस्तक उघडलेले नसेल, त्यालाही चार-दोन आरत्या मुखोद्गत असतात. परंतु आरती म्हणजे नेमके काय, असे त्याला विचारले तर तो क्षणभर अडखळेल, आणि त्याचे अडखळणे रास्तही ठरेल. कारण आपण आरती ‘लावतो’, आरती ‘ओवाळतो’, आरती ‘म्हणतो’, आरती ‘घेतो’ आणि ‘आरतीला उभे राहतो’. लावतो तेव्हा ती दिवा असते. ओवाळतो तेव्हा ते तबक असते. म्हणतो तेव्हा ते गीत असते. घेतो तेव्हा ज्योतीवरून तळहात फिरवून डोळ्यांना लावलेली ती ऊब असते. आणि उभे राहतो तेव्हा ह्या सर्वांचा मिळून होणारा तो विधी असतो. ह्या पाच अर्थांत मूळचा कोणता, आणि ‘गीत’ हा अर्थ ह्या शब्दात कसा शिरला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर कोशकाराचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तराशी मराठी उपासनेचे आणि मराठी कवितेचेही काही हितसंबंध गुंतलेले आहेत.

आपल्याकडे ह्या शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती प्रचलित आहे. कीर्तनकार ती सांगतात, वडीलधारी माणसे ती मुलांना सांगतात. ‘आर्ततेने म्हणावयाची ती आरती’ अशी ती व्युत्पत्ती. उत्तरेकडे ‘आ’ आणि ‘रति’ असे पद फोडून ‘देवाच्या ठिकाणी सर्वतोपरी प्रेम’ असाही अर्थ लावतात. दोन्ही अर्थ मनाला भावणारे आहेत. त्यांतही पहिल्याला मोठा आधार मिळाल्यासारखा वाटतो. कारण भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत पहिले नाव ‘आर्त’ हेच आहे, आणि ज्ञानेश्वरीत तर ‘आर्त’ व ‘आर्ती’ हे शब्द उत्कट ओढीसाठी योजिलेले आढळतात. शब्द सारखा, भाव सारखा. मग शब्दाचे कुळही तेच असणार, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही.

पण शब्दांची कुळे साम्यावरून ठरत नसतात. भाषाशास्त्राला मान्य असलेले ह्या शब्दाचे मूळ ‘आरात्रिक’ हे आहे. वामन शिवराम आपटे ह्यांच्या १८९० सालच्या संस्कृत कोशात ‘आरात्रिक’ शब्दाचा अर्थ मूर्तीपुढे रात्री दिवा, किंवा तो दिवा असलेले पात्र, ओवाळणे असा दिलेला आहे. शब्दात ‘रात्रि’ उघड दिसते आहे. परंपरागत व्युत्पत्ती मात्र जरा वळणाची आहे : रात्र नसतानाही जे केले जाते ते आरात्रिक. म्हणजे दिवा हा खरा रात्रीचा सोबती. त्याला भर दिवसा देवापुढे आणावयाचे, तेव्हा तो केवळ उजेडासाठी आणलेला नसून पूजेसाठी आणलेला आहे हे उघड होते. व्युत्पत्ती कशीही लावली तरी शब्दाच्या मुळाशी आहे तो दिवा. आर्तता तेथे नाही, प्रेम नाही आणि गाणेही नाही.

‘आरात्रिक’चा ‘आरती’ होण्याची वाट सरळ आहे. प्राकृतात जोडाक्षर सुलभ होऊन ‘त्र’चा ‘त्त’ झाला, त्याच्या अलीकडचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, शेवटचा ‘क’ गळाला आणि उरलेल्या स्वरांचा ‘ई’ झाला. दीपवर्तिकेची ‘दिवटी’ झाली ती अशाच झिजेने. ‘आर्ती’ हा शब्द ह्या वाटेने आलेलाच नाही. तो संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला निराळा शब्द आहे. दोघे एका गावात राहिले, त्यांचे चेहरे जुळले, म्हणून लोकांनी त्यांना भाऊ मानले, इतकेच. बंगालमध्ये नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांनी मूळ शब्द प्रत्यक्ष ऐकलाही असेल. बेलूर मठात आणि रामकृष्ण संघाच्या अन्य आश्रमांत संध्याकाळच्या उपासनेला आजही ‘आरात्रिक’ म्हणतात, आणि त्या वेळी स्वामी विवेकानंदांनी रचलेले स्तवन गातात. आपल्याकडे झिजून गुळगुळीत झालेले नाणे तिकडे टांकसाळीच्या ठशासह जपून ठेवलेले आहे.

दिवा ओवाळण्याच्या ह्या कृतीचे आणखी एक जुने नाव ‘नीराजन’ असे आहे, आणि त्याची हकीकत आरतीहून अधिक चमत्कारिक आहे. नीराजन हा मुळात राजाच्या सैन्याचा विधी होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्यांच्या नीराजनाचा उल्लेख आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत नीराजनविधीला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. आणि कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात, रघू दिग्विजयाला निघण्यापूर्वी, घोड्यांच्या नीराजनाचे चित्र रेखाटले आहे. स्वारीला निघण्याआधी हत्ती-घोड्यांवरील अरिष्ट टळावे म्हणून केलेली ती शांती होती. तेच नाव पुढे देवापुढील दिव्याला मिळाले, आणि मराठीत तर ते ‘निरांजन’ होऊन देव्हाऱ्यातील तुपाच्या लहानशा दिव्यावर येऊन स्थिरावले. ‘निरंजन’ ह्या परमेश्वरवाचक शब्दाचा नाद त्यात मिसळल्यामुळे मूळ ओळखू येईनासे झाले. आपल्या देव्हाऱ्यातील हे चिमुकले पात्र एके काळच्या युद्धयात्रेचे नाव धारण करून बसले आहे, हे सांगूनही खरे वाटत नाही.

अरिष्ट उतरविण्याचा हा जुना अर्थ आपल्या क्रियापदांनीही जपला आहे. हिंदीत ‘आरती उतारना’ म्हणतात आणि ‘नजर उतारना’ही म्हणतात, दोहोंचे क्रियापद एकच. मराठीत भाऊबीजेला भावाला ओवाळतात, परीक्षेहून किंवा परगावाहून आलेल्या मुलाला ओवाळतात, आणि मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. जे ओवाळावयाचे ते अंगावरील पीडा आपल्याकडे ओढून घेते आणि मग ते फेकून द्यावयाचे असते. ‘जीव ओवाळून टाकणे’ हा आपला हळुवार वाक्प्रचार आणि ‘ओवाळून टाकलेला’ ही आपली कडवट शिवी, ही दोन्ही ह्या एकाच कृतीची अपत्ये होत. तमिळ घरांतून नवपरिणीत दांपत्याला दारात उभे करून हळद आणि चुना कालविलेले तांबडे पाणी ओवाळतात, आणि त्याचे नाव ‘आरत्ती’. तेथे हा शब्द देवापेक्षा माणसाच्या अधिक जवळचा राहिला आहे. तेलुगूत तो ‘हारती’ झाला. कन्नडात ‘मंगळारती’ झाला, आणि बोलण्यातल्या थट्टेत एखाद्याची खरडपट्टी काढण्यालाही तेच नाव मिळाले. आपल्याकडे साहेबाची आरती ओवाळणे म्हणजे त्याची खुशामत करणे. बंगळूरच्या कचेरीत मात्र मंगळारती झाली असे कोणी म्हणाले तर अभिनंदन करण्याची घाई करू नये.

येथवर पाहिलेल्या इतिहासात हात आहे, तबक आहे, ज्योत आहे. मुख कोठेच नाही. आरती ही करावयाची आणि पाहावयाची गोष्ट होती. गाभाऱ्यात पुजारी दिवा ओवाळतो, बाहेर लोक हात जोडून उभे असतात, घंटा वाजते, नगारा वाजतो. आजही देशाच्या बऱ्याच भागांत आरतीचे स्वरूप मुख्यतः हेच आहे. दुर्गापूजेच्या मंडपात ढाकाच्या ठेक्यावर पेटती धुनुची हाती घेऊन नाचतात; ती आरती नृत्याची आहे, शब्दांवाचून तिचे काही अडत नाही. काशीच्या दशाश्वमेध घाटावर गेल्या काही दशकांत जी भव्य गंगा-आरती रूढ झाली आहे, तिच्यातही डोळ्यांना जेवढे काम आहे तेवढे जिभेला नाही.

ह्या कृतीत शब्द कसा शिरला, ह्याची दोन उदाहरणे महाराष्ट्राबाहेरचीच घेण्यासारखी आहेत. पहिले गुरू नानकांचे. गुरू ग्रंथसाहिबात धनाश्री रागात त्यांची जी आरती आहे, तिचा संबंध परंपरेने जगन्नाथपुरीच्या यात्रेशी जोडलेला आहे. तीत तबक म्हणून आकाश आहे, दिव्यांच्या जागी सूर्यचंद्र आहेत, आणि वारा चवरी ढाळीत आहे. म्हणजे ती आरती हातातल्या तबकाला बाजूला सारून शब्दांनीच उभी केलेली आहे. विधी गेला आणि कविता राहिली. (नांदेडच्या हुजूर साहेबात मात्र आजही दिवे घेऊन आरती होते; गेलेला विधी गोदावरीच्या काठी परत आला, असे म्हणावे लागते.) दुसरे उदाहरण पंजाबातील फिल्लौर गावच्या पंडित श्रद्धाराम ह्यांचे. १८३७ ते १८८१ हा त्यांचा काल. जगदीशाची जी आरती त्यांच्या नावावर आहे ती आज उत्तर हिंदुस्थानात कोणत्याही देवापुढे म्हणतात. तेथे विधी राहिला आणि सर्व देवतांना पुरेल असे एक गीत त्याला मिळाले.

महाराष्ट्राने तिसरी वाट धरली. आपण विधी टाकला नाही आणि एका गीतावर भागविलेही नाही. प्रत्येक देवतेला तिची स्वतःची कविता दिली, आणि ती कविता पुजाऱ्याच्या हाती न सोपविता उभ्या राहिलेल्या सर्व मंडळींच्या मुखी दिली. गणपतीची आणि शंकराची समर्थ रामदासांची, दत्ताची एकनाथांची, विठ्ठलाची नामदेवांच्या मुद्रेची. चाल अशी की सूर नसलेल्यालाही साधावी; साथ टाळ्यांची आणि झांजांची; आणि ‘जय देव’ हे पालुपद असे की कडवे विसरलेल्यालाही पुन्हा सामील होता यावे. आरतीच्या रचनेत गवयासाठी काहीच राखून ठेवलेले नाही, आणि हे मुद्दाम केलेले आहे.

ह्या कवितांची घडण लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. आरंभीची कडवी वर्णनपर असतात : देवाचे रूप, अलंकार, पराक्रम. हे स्वाभाविक आहे. ज्योत वर-खाली फिरते तसतसे मूर्तीचे एकेक अंग उजळते, आणि कवितेची नजर ज्योतीमागून चालते. अंगावरची उटी, मुकुटातला हिरा, पायातली घागरी हे तपशील डोळ्यांपुढे दिवा धरूनच टिपलेले आहेत. परंतु शेवटच्या कडव्यात व्याकरण पालटते. समर्थांच्या गणपतीच्या आरतीत तोवर नामे आणि विशेषणे ह्यांचेच राज्य असते; अखेरीस ‘पावावे’, ‘रक्षावे’ अशी विध्यर्थी रूपे येतात. पाहणारा मागणारा होतो. एकनाथांच्या दत्ताच्या आरतीत तर देव आणि भक्त ह्यांतील मी-तूपणाचाच निरोप घेतलेला आहे. आणि शेवटी येते ती कवीची मुद्रा. रामदास स्वतःचे नाव घालतात, पण म्हणणारे आपण सर्व असतो. त्या एका ओळीपुरता प्रत्येक जण, मग तो सचिव असो वा शिपाई, समर्थांच्या दासपणाचा वाटेकरी होतो. देवाच्या दारी वाट पाहत उभे राहण्याचा हा अधिकार सर्वांना सारखाच मिळतो.

पुढे तर ज्यांनी आरत्या रचल्या त्या परंपरेतील संतांनाच ओवाळण्यात आले. तुकोबांच्या आरतीवर मुद्रा आहे रामेश्वरभट्टांची, म्हणजे परंपरेच्या सांगण्याप्रमाणे ज्यांनी आधी तुकोबांना विरोध केला आणि नंतर त्यांचे शिष्यत्व पत्करले त्यांची. ज्ञानदेवांच्या आरतीवर रामा जनार्दनांची मुद्रा आहे. ओवाळलेली ज्योत देवावरून कवीवर आली. ज्या विधीने घोड्यांवरचे अरिष्ट उतरवावयाचे, त्या विधीने ग्रंथकर्त्याचा सन्मान करावा, हा प्रवास लहान नव्हे.

आता त्या लोकप्रिय व्युत्पत्तीकडे पुन्हा वळू. ‘आर्ततेने म्हणावयाची ती आरती’ हे व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही, हे वर दाखविलेच आहे. पण म्हणून ते निरर्थक ठरते काय? शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचे जन्मगाव. अर्थ म्हणजे त्याने पुढे जेथे संसार मांडला ते गाव. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांना हा भेद निराळा समजावून देण्याची गरज नाही. ‘आरती’चे जन्मगाव दिव्यात आहे; तिचा मराठी संसार मात्र त्या शेवटच्या कडव्यातील विनवणीत आहे. संतकवींनी दिवा ओवाळण्याच्या कृतीत आर्तता भरली, आणि लोकांनी ती नेमकी ओळखून तिच्यासाठी एक व्युत्पत्ती रचली. ती व्युत्पत्ती चुकीची आहे, पण तो अभिप्राय अचूक आहे. शब्दकोशाने तिला नाकारावे, आणि मराठी काव्याच्या समीक्षेने तिची नोंद घ्यावी, असा माझा निर्णय आहे. ह्या रचनांवर लोकांनी केलेली तिच्याइतकी नेमकी आणि आटोपशीर टीका दुसरी आढळत नाही.

हा निर्णय नुसता पांडित्याचा नाही. जो अर्थ माणसांनी एखाद्या शब्दात भरला असेल, तो माणसांच्या हातून गळूही शकतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना वर्षातून जे मराठी काव्य सर्वांत अधिक वेळा ऐकावयास मिळते ते म्हणजे गणेशोत्सवातील आरत्या. लोकमान्यांनी १८९३ पासून ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तो आज परप्रांतांतील मराठी मंडळांचा कणा आहे. तेथे मुले तारस्वरात म्हणतात. पण ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हणतात, ‘लवथवती’च्या जागी ‘लवलवती’ म्हणतात, आणि ‘फणिवरबंधना’ ह्या सुंदर समासाची तर ‘फळीवर वंदना’ होऊन जाते. श्रेष्ठ नागाचा ज्याने कमरेला बंध केला आहे तो, असे ते संबोधन. एवढे एकदा सांगितले तर मूल आयुष्यात पुन्हा फळीवर चढणार नाही. उलट गणपतीच्या मूर्तीच्या कमरेकडे पाहून तो नाग शोधील. ‘लवथवणे’ म्हणजे थरथरणे, हेलकावणे. शंकराच्या आरतीतला तो पहिलाच शब्द स्वतः थरथरतो आहे, हे त्याला कळेल.

तरी चुकीचा उच्चार करणारे मूल निदान म्हणत तरी असते. त्याहून चिंता करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी आरतीच्या वेळी ध्वनिमुद्रित आरती लावतात. गळा उत्तम, वाद्ये उत्तम, उच्चार निर्दोष. एक जण तबक ओवाळतो आणि बाकीचे हात जोडून ऐकतात. सोय मोठी आहे, आणि जेथे दोनच मराठी बिऱ्हाडे आहेत तेथे ती आधारही देते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ह्यात आरती पुन्हा गाभाऱ्यापुढच्या जागी जाऊन उभी राहते : एकाने करावयाची, इतरांनी पाहावयाची. संतांनी हातातून मुखात आणलेली वस्तू आपण मुखातून पुन्हा हातात देतो. मुद्रेच्या ओळीला जो वाटेकरी व्हावयाचा तो श्रोता होतो. आणि विध्यर्थी क्रियापद स्वतः उच्चारल्यावाचून मागणे घडत नाही. अशा वेळी शब्दाची ‘आर्त’ ही खोटी व्युत्पत्ती खरोखरीच खोटी ठरेल, आणि ‘आरात्रिक’ तेवढे खरे राहील.

तेव्हा मंडळांच्या चालकांना दोनच सूचना कराव्याशा वाटतात. उत्सवातील एखादी संध्याकाळ व्याख्यानाऐवजी एका आरतीच्या अर्थासाठी द्यावी. कडवे-कडवे घेऊन, कठीण शब्द उकलून, मुलांना प्रश्न विचारू देऊन. आणि आरतीच्या वेळी, माणसे थोडी असोत की फार, गळे बसलेले असोत की बेसूर, यंत्र बंद ठेवावे. शेजारचे बंगाली, पंजाबी किंवा तमिळ कुटुंब दाराशी येऊन उभे राहिले तर त्यांनाही एक झांज द्यावी. शब्द त्यांच्याही घरचाच आहे. त्यात आपण घातलेली भर त्यांना म्हणूनच दाखविता येईल.